निमेसुलाइडची २०० ची गोळी बंद झाली. गाऊटच्या पेशंटने आता काय घ्यायचं?

जानेवारीतली एक संध्याकाळ. घाटकोपर पश्चिमेच्या माझ्या दवाखान्यात ५२ वर्षांचे एक गृहस्थ मुलाच्या खांद्याचा आधार घेत आत आले. एका पायात बूट, दुसऱ्यात चप्पल. उजव्या पायाचा अंगठा मुळाशी लालबुंद आणि सुजलेला. रात्री पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नव्हता, असं ते म्हणाले. मुलगा मात्र वेगळ्याच गोष्टीवर चिडलेला होता. "डॉक्टर, मेडिकलवाला म्हणतो ती दोनशेची गोळी बंद झाली. सरकारने बंदी घातली. पप्पांना त्याच गोळीने फरक पडायचा. आता काय घ्यायचं?"

गेली चार वर्षं हे चाललं होतं. वर्षातून तीन-चार वेळा अंगठा किंवा घोटा सुजायचा. निमेसुलाइड २०० ची गोळी आठ-दहा दिवस घेतली की उतरायचा. पहिल्यांदा कोणीतरी लिहून दिली होती, पुढे रिकामी स्ट्रिप दाखवली की मिळत गेली. चार वर्षांत युरिक ॲसिड दोनदा तपासलं होतं, किडनीची तपासणी एकदाही झाली नव्हती. मी करून घेतली. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला : क्रिएटिनिन १.७.

त्याच संध्याकाळी मुलुंडहून ३४ वर्षांचा एक तरुण आला होता. कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये युरिक ॲसिड ७.४ निघालं, म्हणून सहा महिने रोज फेबुक्सोस्टॅट ४० घेत होता. सांधा आयुष्यात एकदाही सुजलेला नाही. घरात डाळ, पालक आणि टोमॅटो बंद. आईला काळजी की हाडांत काही होईल.

ज्याला रोजची गोळी हवी होती त्याला ती कोणी दिली नव्हती, आणि ज्याला नको होती तो ती निमूटपणे घेत होता. उपनगरांतल्या दवाखान्यांत हे चित्र नवं नाही. पण निमेसुलाइडच्या बातमीमुळे पेशंट स्वतःहून विचारू लागलेत, तेव्हा या सगळ्या औषधांबद्दल एकदा नीट बोलून घेऊ.

बंदी नेमकी कशावर?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २९ डिसेंबर २०२५ रोजी अधिसूचना काढली. तोंडाने घ्यायच्या, लगेच विरघळणाऱ्या निमेसुलाइडच्या १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ताकदीच्या औषधांचं उत्पादन, विक्री आणि वितरण औषधे व सौंदर्य प्रसाधने कायद्याच्या कलम २६ए खाली बंद झालं. कारण दिलं ते असं : माणसाला धोका आहे आणि अधिक सुरक्षित पर्याय बाजारात आहेत. निमेसुलाइडची जुनी तक्रार यकृताची. १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ते २०११ मध्येच बंद झालं होतं. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ते कधी बाजारात आलंच नाही.

१०० ची गोळी मात्र बंद झालेली नाही. ती दोन एकदम घेतल्या की २०० होतातच, आणि लोक ते करतात हे मी जानेवारीपासून पाहतो आहे. शिवाय माझ्या पेशंटचं जे नुकसान झालं ते यकृताचं नव्हतं, किडनीचं होतं. ते एकट्या निमेसुलाइडचं कर्तृत्व नाही. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, इटोरिकॉक्सिब, इंडोमेथासिन हे सगळं एकच घराणं आहे. किडनीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या ज्या रसायनामुळे मोकळ्या राहतात, ते रसायन ही औषधं कमी करतात. निरोगी तरुण माणसाला चार-पाच दिवस सहसा काही होत नाही. पण डायबेटिस असेल, वय साठीपुढे असेल, किंवा बीपीची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर त्यात ही तिसरी पडते आणि किडनी कोलमडू शकते. माझ्या पेशंटच्या बीपीच्या गोळीत लघवीचं औषध होतंच. तुमच्या बीपीच्या गोळीच्या नावाच्या शेवटी "एच" हे अक्षर असेल तर ते बहुधा हायड्रोक्लोरोथायाझाइडचं असतं. हेच औषध रक्तातलं युरिक ॲसिडही वाढवतं. म्हणजे एक गोळी गाऊटला निमंत्रण देत होती आणि दुसरी त्या गाऊटसाठी घेतली जात होती.

जरा विषयांतर करतो. आपल्याकडची गिधाडं कशाने संपली हे बहुतेकांना माहीत आहे : डायक्लोफेनॅक टोचलेल्या गुरांची मढी खाऊन. पण ती नेमकी मेली कशी, हे कमी जणांना माहीत असतं. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांच्या किडन्या निकामी झालेल्या आणि आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडची पांढरी पुटं चढलेली आढळली. पशुवैद्यक त्याला आतला गाऊटच म्हणतात. पक्षी आणि माणूस यांच्या शरीरात फरक आहे, गिधाडाचा हिशेब तुम्हा-आम्हाला जसाच्या तसा लागू होत नाही. तरी वेदनाशामकाने किडनी जाते आणि किडनी गेली की युरिक ॲसिड साठतं, हा क्रम लक्षात ठेवायला ते उदाहरण विसरता येत नाही.

सांध्यात काय होतं?

युरिक ॲसिड हा शरीरातलाच टाकाऊ पदार्थ. तो मुख्यतः किडनीवाटे बाहेर जातो. रक्तात त्याचं प्रमाण साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर बरीच वर्षं राहिलं, तर काही लोकांच्या सांध्यांत त्याचे सुईसारखे बारीक स्फटिक बसू लागतात. सगळ्यांच्या नाही, काहींच्याच. एखाद्या रात्री हे स्फटिक सुटे होतात, शरीराचे पहारेकरी त्यांच्यावर तुटून पडतात आणि सांधा पेटतो. दोन आठवड्यांत तो आपोआपही शांत होतो. स्फटिक मात्र तिथेच असतात.

म्हणून गाऊटची औषधं दोन वेगळ्या कामांची आहेत. काही पेटलेला सांधा शांत करतात. काही महिनोन्‌महिने घेतल्यावर स्फटिक विरघळवतात. गाऊटच्या उपचारातला बहुतेक गोंधळ ही दोन कामं एकमेकांत मिसळल्यामुळे होतो. दुखतंय म्हणून आजच ॲलोप्युरिनॉलची एक गोळी घेऊन उपयोग नाही, आणि चार वर्षं वेदनाशामक घेऊन एकही स्फटिक विरघळत नाही.

ॲटॅक आला तर

पर्याय तीन : वेदनाशामक, कोल्चिसिन, स्टेरॉइड. तिन्ही चांगली औषधं आहेत. कोणतं "सगळ्यात जोरदार" हा प्रश्न चुकीचा, कारण वेळेवर सुरू केलं तर तिन्ही काम करतात. तुमची किडनी, पोट, हृदय आणि साखर यांना कोणतं झेपेल, यावर निवड ठरते.

किडनी ठीक असेल, ॲसिडिटीचा किंवा अल्सरचा त्रास नसेल, हृदयविकार नसेल, तर नॅप्रोक्सेनसारखं वेदनाशामक पूर्ण डोसमध्ये पाच-सात दिवस, सोबत पोटाच्या संरक्षणाची गोळी. निमेसुलाइडच हवं असं काहीही नाही.

कोल्चिसिनबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण हे औषध जितकं जुनं तितकंच चुकीचं वापरलं जाणारं आहे. पावसाळ्यात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात फिरलात तर झुडपांवर चढलेली, लाल-पिवळ्या ज्वाळेसारख्या पाकळ्यांची कळलावी दिसते. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. तमिळनाडूत तिची शेती बियांसाठीच होते. युनानी औषधांतलं सुरंजान हेही याच रसायनाच्या वनस्पतीचं. हे सांगण्याचं कारण असं की कळलावीचा कंद खाऊन माणसं दगावली आहेत. कोल्चिसिनचा औषधी डोस आणि विषारी डोस यांत अंतर फार थोडं आहे आणि त्याला उतारा नाही. तेव्हा कोणी "सांधेदुखीची मुळी" किंवा सुरंजानची पूड देत असेल आणि तुम्ही कोल्चिसिनही घेत असाल, तर दोन्ही गोष्टी डॉक्टरांसमोर ठेवा.

आम्ही शिकत होतो तेव्हा पुस्तकात लिहिलेलं असायचं की जुलाब होईपर्यंत दर तासाला गोळी द्या. ही पद्धत आता मोडीत निघाली आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कमी डोस आणि जुना जास्त डोस यांची तुलना झाली. दुखणं दोन्हींत सारखंच उतरलं, जुलाब कमी डोसमध्ये खूपच कमी झाले. आपल्याकडे गोळी ०.५ मिलिग्रॅमची मिळते. किडनी चांगली असलेल्या माणसाला सुरुवातीला दोन गोळ्या, तासाभराने एक, त्या दिवशी एवढंच. दुसऱ्या दिवसापासून रोज एक किंवा दोन. ॲटॅकच्या पहिल्या दिवसातच घेतली तर तिचा खरा उपयोग. किडनी कमजोर असेल तर डोस डॉक्टरच ठरवतील. खोकल्या-तापासाठी क्लॅरिथ्रोमायसिन नावाचं अँटिबायोटिक चालू असेल, किंवा हृदयासाठी डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल असेल, तर कोल्चिसिन शरीरात साठत जातं. हे धोक्याचं आहे. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असताना मांड्यांत अशक्तपणा आला तरी लगेच सांगा.

तिसरं औषध स्टेरॉइड. नाव काढलं की घरचे दचकतात. पण माझ्या त्या पेशंटला मी तेच दिलं : प्रेडनिसोलोन, पाच दिवस. क्रिएटिनिन १.७ असलेल्या माणसाला वेदनाशामक देण्यापेक्षा ते कितीतरी सुरक्षित. २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या अभ्यासात पाच दिवसांचं प्रेडनिसोलोन आणि पाच दिवसांचं नॅप्रोक्सेन गाऊटच्या ॲटॅकवर तुल्यबळ ठरले. डायबेटिस असेल तर त्या दिवसांत साखर चढते, म्हणून घरी मोजत राहायचं. स्टेरॉइडची बदनामी झाली ती महिनोन्‌महिने, न सांगता, पुड्यांतून दिल्यामुळे. लिहून दिलेलं पाच दिवसांचं स्टेरॉइड ही वेगळी गोष्ट.

मात्र सांधा गरम आणि सुजलेला आहे, सोबत थंडी वाजून ताप आहे, अशा वेळी घरी यातलं काहीच घेऊ नका. सांध्यात पू झालेला असू शकतो, आणि तो स्टेरॉइडने दबून आत पसरतो. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. सुईने सांध्यातलं पाणी काढून तपासलं की पू आहे की स्फटिक हे कळतं. खरं तर गाऊटचं पक्कं निदान याच तपासणीने होतं. आणखी एक : ॲटॅकच्या ऐन भरात रक्तातलं युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं. "रिपोर्ट नॉर्मल आहे, गाऊट नाही" असं तेव्हा ठरवू नये. दोन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासावं.

रोजची गोळी कोणाला?

वर्षातून दोन किंवा अधिक ॲटॅक येत असतील, कानाच्या पाळीवर, कोपरावर किंवा बोटांवर पांढरट गाठी आल्या असतील, एक्स-रेमध्ये सांध्याची झीज दिसत असेल, तर रोजची गोळी हवीच. पहिलाच ॲटॅक असला तरी किडनी कमजोर असेल, मुतखडे होत असतील किंवा युरिक ॲसिड ९ च्या वर असेल, तर विचार करावा. अमेरिकन संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये जे सांगितलं त्याचा हा गोषवारा. ध्येय एकच : युरिक ॲसिड ६ च्या खाली नेणं आणि तिथेच ठेवणं.

यासाठी आपल्याकडे मुख्य औषधं दोन, ॲलोप्युरिनॉल आणि फेबुक्सोस्टॅट. ॲलोप्युरिनॉल १९६० च्या दशकातलं. ज्यांच्या प्रयोगशाळेत ते घडलं त्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. ते भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि स्वस्त आहे. फेबुक्सोस्टॅट नवं, सहसा महाग. तरी माझ्याकडे येणाऱ्या प्रिस्क्रिप्शनांत मला फेबुक्सोस्टॅटच जास्त दिसतं. कारण सोयीचं आहे : ४० ची एक गोळी लिहिली की काम झालं, ॲलोप्युरिनॉलसारखा डोस हळूहळू वाढवत बसावं लागत नाही. मला ही सवय पटत नाही.

फेबुक्सोस्टॅटचा अलीकडचा इतिहास पेशंटना माहीत असायला हवा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत आधीच हृदयविकार असलेल्या सहा हजारांवर गाऊट पेशंटमध्ये दोन्ही औषधांची तुलना झाली. हृदयविकाराने झालेले मृत्यू फेबुक्सोस्टॅट घेणाऱ्यांत १०० मागे ४.३ आणि ॲलोप्युरिनॉल घेणाऱ्यांत ३.२ होते. त्यावरून फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी त्यावर सगळ्यात कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला आणि ॲलोप्युरिनॉल चाललं नाही तरच द्या, असं सांगितलं. पुढे २०२० मध्ये ब्रिटन, डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या तितक्याच मोठ्या अभ्यासात हा जादा धोका दिसला नाही. पहिल्या चाचणीत निम्म्याहून अधिक पेशंटनी औषध मध्येच सोडलं होतं, हीही तिची लंगडी बाजू. मी त्यातून एवढाच अर्थ घेतो : फेबुक्सोस्टॅट विष नाही, पण ज्यांना हार्ट ॲटॅक येऊन गेला आहे किंवा स्टेंट आहे त्यांना पहिली गोळी म्हणून मी ते देत नाही. तुम्ही ते घेत असाल आणि हृदयाचा त्रास असेल तर स्वतःहून बंद करू नका, पुढच्या भेटीत विषय काढा.

ॲलोप्युरिनॉलबद्दल दोन भीती आहेत. पहिली, "किडनीवाल्याला चालत नाही". चालतं, डोस कमीपासून सुरू करून हळूहळू वाढवायचा. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मध्यम किडनी विकार असलेले पेशंटही होते, आणि डोस नीट वाढवलेलं ॲलोप्युरिनॉल फेबुक्सोस्टॅटच्या मागे पडलं नाही. दुसरी भीती खरी आहे : अंगावर पुरळ. फार थोड्या लोकांत पहिल्या दोन-तीन महिन्यांत ॲलोप्युरिनॉलची गंभीर ॲलर्जी होते. ताप येतो, त्वचा सोलवटते, तोंड येतं, ती जिवावरही बेतू शकते. म्हणून नियम सोपा : या गोळीवर असताना पुरळ आलं तर गोळी त्याच क्षणी बंद आणि डॉक्टरांना फोन. एचएलए-बी ५८०१ नावाची जनुकीय तपासणी हान चिनी, कोरियन, थाई वंशाच्या आणि आफ्रिकन-अमेरिकन लोकांसाठी सुचवलेली आहे, आपल्याकडे सरसकट नाही. किडनी रोपण झालेल्या किंवा ॲझाथायोप्रिन घेणाऱ्या माणसाला मात्र ॲलोप्युरिनॉल आणि फेबुक्सोस्टॅट दोन्ही धोक्याची.

सुरुवात १०० मिलिग्रॅमने, किडनी कमजोर असेल तर ५० ने. दोन ते पाच आठवड्यांनी रक्त तपासून डोस वाढवायचा. बऱ्याच जणांना ६ च्या खाली यायला ३०० पेक्षा जास्त लागतं. आपल्याकडे मात्र १०० वर सुरू होतं आणि १०० वरच वर्षानुवर्षं चालू राहतं. आकडा ७.८, पेशंट म्हणतो "गोळी चालू आहे, तरी ॲटॅक येतो, म्हणजे हे औषध मला लागू पडत नाही". औषध लागू पडलं नाही असं नाही, ते पुरेसं दिलंच नाही.

आणि ज्या गोष्टीमुळे निम्मे लोक गोळी सोडतात ती आधीच सांगायला हवी : पहिल्या तीन-सहा महिन्यांत ॲटॅक वाढू शकतात. स्फटिक विरघळू लागले की सुटे होतात, म्हणून. त्या काळात रोज कोल्चिसिनची एखादी गोळी संरक्षणाला ठेवतात. तरी ॲटॅक आलाच तर ॲटॅकचं औषध घ्यायचं, पण रोजची गोळी चालूच ठेवायची.

हे सांगण्याचा किती फरक पडतो? इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाला प्रशिक्षित नर्सनी वेळ देऊन रोग समजावला, डोस वाढवले, फोन केले. दुसऱ्या गटाला नेहमीच्या डॉक्टरांकडचे उपचार. दोन वर्षांनी नर्सच्या गटातले ९५ टक्के ध्येयाच्या आत होते, डॉक्टरांच्या गटातले जेमतेम ३० टक्के. माझ्यासारख्या जनरल प्रॅक्टिस करणाऱ्याने तो आकडा टेबलावर चिकटवून ठेवावा असा आहे. संध्याकाळी बाहेर वीस माणसं बसलेली असताना मीही "ही गोळी रोज घ्या" एवढंच म्हणून मोकळा झालेलो आहे.

फक्त आकडा वाढलेला असेल तर

मुलुंडच्या त्या तरुणाची गोळी मी बंद केली. सांधा कधी सुजलेला नाही, मुतखडा नाही, तर केवळ ७.४ या आकड्यासाठी औषध लागत नाही. "पुढे हार्टला, किडनीला त्रास नको म्हणून घेऊन ठेवतो" हा युक्तिवाद मीही एके काळी मानत असे. तो तपासून झाला आहे. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे ५,७०० हृदयविकाराच्या, पण गाऊट नसलेल्या पेशंटमध्ये ॲलोप्युरिनॉलने हार्ट ॲटॅक कमी झाले नाहीत. २०२० मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या किडनी पेशंटमध्ये त्याने किडनीची घसरण थांबली नाही. चेकअप पॅकेजमध्ये युरिक ॲसिड असतं म्हणून ते मोजलं जातं आणि मोजलं की आकड्यापुढे लाल बाण येतो, एवढाच बहुतेकदा त्याचा अर्थ.

पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी १९९६ पासून पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली होती. हाडं-सांधे-स्नायूंच्या दुखण्याची तक्रार जवळपास १८ टक्के प्रौढांना होती, खरा गाऊट निघाला हजारात एखाद्याला. ते तीस वर्षांपूर्वीचं खेडं आणि आपण आजचं मुंबई उपनगर, वजन-बीपी-बिअर सगळं वेगळं. पण दुखणारा प्रत्येक सांधा युरिक ॲसिडचा नसतो, एवढं त्यातून नक्की कळतं. टाच दुखते, सकाळी गुडघा आखडतो, रिपोर्टमध्ये ७.१ आहे, तर ते दुखणं बहुधा दुसऱ्याच कशाचं.

मुंबईत एक गोष्ट फार घडते म्हणून वेगळी सांगतो. टीबीच्या उपचारात पहिले दोन महिने पायराझिनामाइड असतं, आणि ते युरिक ॲसिड हमखास वाढवतं. सांधे थोडे दुखतातही. रिपोर्ट बघून घाबरून टीबीची औषधं थांबवू नका, आणि त्या आकड्यासाठी परस्पर गोळीही सुरू करू नका. जिथे टीबीचे उपचार चालू आहेत तिथे दाखवा.

डाळीचं म्हणाल तर डाळ, पालक, टोमॅटो यांनी गाऊट वाढतो असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. मटण, कलेजी, तारली, सुकट, बिअर आणि गोड थंड पेयं यांचा संबंध आहे. पण पथ्याने आकडा साधारण एकानेच उतरतो. ९ असलेला माणूस केवळ पथ्याने ६ वर येत नाही.

आजीचा गुडघा असेल तर

सत्तरीपुढच्या माणसाचा गुडघा किंवा मनगट अचानक सुजतं, अनेकदा ताप येऊन गेल्यावर किंवा खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर हॉस्पिटलमध्येच. हा बहुधा स्यूडोगाऊट. इथे स्फटिक कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे असतात. एक्स-रेमध्ये कुर्चेत पांढरी रेघ दिसते. हे स्फटिक विरघळवणारं औषध आजतरी नाही, म्हणून ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅटचा इथे काहीही उपयोग नाही, तरी ती दिलेली मी पाहिली आहेत. उपचार फक्त ॲटॅकचा : बर्फाचा शेक, सांध्यातलं पाणी काढून तिथे स्टेरॉइडचं इंजेक्शन, किंवा कोल्चिसिन, किंवा थोडे दिवस प्रेडनिसोलोन. २०२३ मध्ये फ्रान्समध्ये अतिवृद्ध पेशंटवर शेवटच्या दोन औषधांची तुलना झाली. दुखणं दोन्हींनी सारखंच उतरलं. कोल्चिसिनने जुलाब जास्त, प्रेडनिसोलोनने बीपी आणि साखर जास्त. आजीला यातलं कोणतं सोसेल हे घरच्यांनाच चांगलं माहीत असतं, तेव्हा ते डॉक्टरांना सांगा. साठीच्या आत हा आजार निघाला तर कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पॅराथायरॉइडची तपासणी करून घ्यावी.

निदानाबद्दल शंका असेल, गाठी फुटत असतील, किंवा डोस वाढवूनही आकडा उतरत नसेल, तर संधिवात तज्ज्ञांकडे जावं. परळच्या केईएममध्ये त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. तोवरच्या क्रिएटिनिन आणि युरिक ॲसिडच्या तपासण्या राजावाडी, कूपरसारख्या पालिका रुग्णालयांत होतात. जाताना सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप घेऊन जा, बीपीच्या आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्याही.

हे लिहिताना एप्रिल संपत आला आहे. घाटकोपरच्या त्या गृहस्थांची बीपीची गोळी बदलून लोसार्टन केली, ती युरिक ॲसिड थोडं उतरवते. ॲलोप्युरिनॉल ५० वरून २०० पर्यंत आलं आहे. मार्चमध्ये एक ॲटॅक आला. मुलाने फोनवर विचारलं, "गोळी बंद करू का?" मी नाही म्हटलं, चार दिवस प्रेडनिसोलोन दिलं. परवाचं युरिक ॲसिड ६.४, म्हणजे डोस अजून वाढवावा लागेल. क्रिएटिनिन १.५ आहे. ते आणखी खाली येईल असं मी त्यांना सांगितलेलं नाही.